उद्घाटनाला दुभाषी, जेवायला कोणी नाही

आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे काय, हे आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत समजावून सांगताना माझी दरवेळी पंचाईत होते. शिबिर का? नाही. क्लास? तोही नाही. कलाकाराला राहायला जागा द्यायची, जेवणखाणाचं बघायचं, जमलं तर थोडे पैसे द्यायचे आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. शेजारच्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माहेरपणच की गं!" अमेरिकेतली मॅक्डॉवेल १९०७ पासून चालू आहे, आपल्याकडे दिल्लीची खोज १९९७ ची. त्यांच्या वेबसाइटवर याची मोठमोठी वर्णनं आहेत, पण काकूंच्या पुढे काही जाता येत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचे ड्रॉइंगचे सर. त्यांनी मला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं होतं. आता निवृत्त आहेत. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांचं घर आहे, मुलगा पुण्याला, त्यामुळे ते बराच काळ बंद असतं. गेल्या महिन्यात त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: "कर्णबधिर आणि अपंग कलाकारांसाठी रेसिडेन्सी सुरू करायचं मनात आहे. रॅम्प करून घेतो. बाकी काय लागेल ते सांग." मी लिहीत बसले आणि मेसेज एवढा लांबला की म्हटलं, इथेच टाकावा. सर, रागावू नका.

मला ओळखत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मी नऊ वर्षांची असताना मेंदूज्वरात माझे कान गेले. त्याआधी मराठी घट्ट बसलेलं होतं म्हणून बोलू शकते, आणि बोलते म्हणून लोकांना वाटतं थोडंफार ऐकूही येत असेल. येत नाही. ओठ वाचते, आणि विशीत शिकलेल्या खुणांच्या भाषेत मनमोकळं बोलते. काम म्हणजे लाकडावर आणि लिनोवर (रबरासारखा मऊ पत्रा) कोरून कागदावर छापे काढणं. विषय बहुतेक ठाणे-बेलापूर रोडवरचे: डीपीचे खोके, गंजलेली कंपन्यांची फाटकं, फाटकाआड वाढलेली बाभूळ.

मला मिळालेल्या रेसिडेन्सींपैकी एकीबद्दल सांगते, नाव न घेता. डोंगरातलं गाव, जुना वाडा, सुंदर स्टुडिओ, मुंबईत भाड्याने मिळणार नाही असा छापे काढायचा प्रेस. पत्रकात 'सर्वसमावेशक' हा शब्द ठळक अक्षरात. उद्घाटनाला खास मुंबईहून खुणांच्या भाषेची दुभाषी आणलेली. तिचे माझ्यापेक्षा जास्त फोटो निघाले. पाहुण्यांनी भाषणात सतीश गुजराल यांचं नाव घेतलं. कर्णबधिर चित्रकार व्यासपीठावर असला की ते घेतलंच जातं. मोठा माणूस, वाद नाही. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेला, रिव्हेरा आणि सिकेरोस या तिथल्या नामांकित भित्तिचित्रकारांच्या हाताखाली शिकला. पण त्यांचा भाऊ पुढे देशाचा पंतप्रधान झाला, हेही जरा लक्षात असू द्यावं. कळव्याच्या चाळीतल्या बहिऱ्या पोराला 'गुजराल बघ' म्हणणं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुभाषी परत गेली. बजेट तेवढंच होतं.

आता रेसिडेन्सीत खरं काय चालतं ते बघा. दिवसभर जो तो आपापल्या खोलीत. बोलणं होतं ते संध्याकाळी, जेवताना. कोणता कागद शाई नीट घेतो, कोणती गॅलरी पैसे बुडवते, पुढचा अर्ज कुठे करायचा, कोणाला भेटायचं, हे सगळं आमटी वाढता वाढता बोललं जातं. त्या टेबलाशी मी ताट पुढे घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बसलेली असायचे. ओठ वाचायचे म्हणाल तर प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. पापा, बाबा आणि मामा यांत फरक करायचा तर आधी विषय माहीत लागतो. त्यात एकाच्या तोंडात घास, दुसऱ्याला दाढी, तिसरा खिडकीकडे पाठ करून बसलेला, म्हणजे त्याचं तोंड काळं दिसणार. सगळे एकदम हसले की मी शेजारणीला विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, "काही विशेष नाही गं, नंतर सांगते."

हे वाक्य प्रत्येक बहिऱ्या माणसाने घरात, लग्नात, ऑफिसात ऐकलेलं, म्हणजे वाचलेलं असतं. ते 'नंतर' कधी येत नाही.

फोन टेबलावर ठेवून बोललेलं लिहून घेणारं अ‍ॅप लावलं. एकटा माणूस समोर बसून सावकाश बोलत असेल तर ते मराठीतही बरं चालतं. पाच जण एकदम बोलायला लागले की कोण काय म्हणालं याचा पत्ता नाही. आमच्या टेबलावरच्या सगळ्या कोलाजचं त्याने कॉलेज केलं होतं.

शिवाय तिथल्या क्युरेटरबाईंची इच्छा होती की मी 'शांतता' या विषयावर काम करावं. फॉर्ममध्येही प्रश्न होता: तुमच्या अपंगत्वाने तुमच्या कलेला काय दिलं? मी त्यांना सांगितलं, बाई, माझ्या कानात चोवीस तास शिट्टी वाजते, रात्री दोनलाही. शांतता कशी असते ते तुम्हीच मला सांगा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी डीपीचा खोका कोरला.

तर सर, पहिला मुद्दा हा. दुभाषीला उद्घाटनाला बोलावू नका. उद्घाटनात माझं काही अडत नाही, भाषण कागदावर द्या, मी वाचीन. तिला आठवड्यातून तीन संध्याकाळी जेवायला बोलावा. दोघी मिळाल्या तर उत्तम, कारण हे काम डोक्याला आणि हातांना इतकं ओढतं की वीसेक मिनिटांनी आलटूनपालटून करावं लागतं. वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या सरकारी संस्थेत दुभाषींचा अभ्यासक्रम आहे, तिथे चौकशी करता येईल. आणि बाकीच्या कलाकारांना पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास खुणांची भाषा शिकवायची. त्यासाठी दुभाषी नको, बहिरा शिक्षक आणा. त्यालाही चार पैसे मिळतील.

परवा मी आणि माझी मैत्रीण सरांचं घर बघून आलो. मैत्रीण सुलेखन करते. मणक्याला मार बसल्यापासून व्हीलचेअरवर आहे. मी पनवेल लोकलने गेले, ती वाशीहून भावाच्या गाडीने आली, कारण खुर्ची रिक्षात बसत नाही.

आर्टिस्ट व्हिलेज ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जाऊन यावं. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत. साताएक घरांच्या मध्ये एक छोटं अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, कुटुंब वाढेल तसं ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं म्हणून. लोकांनी एवढं वाढवलं की मूळ उतरती छपरं आता शोधावी लागतात. सरांचं बरंचसं मूळ आहे. मैत्रिणीने संडासाच्या दाराशी खुर्ची थांबवली आणि म्हणाली, "घर वाढतं सर, दार नाही वाढत."

दार दोन फुटांचं. तिची खुर्ची सव्वादोन. मोजमापाची टेप तिच्या पिशवीत कायम असते. नियमाने नव्वद सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि आत खुर्ची वळवायला जागा वेगळी. रॅम्पचंही तसंच. घराचं जोतं चौदा इंच उंच आहे. एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, हा उतार धरला तर रॅम्प चौदा फूट लांब होतो, म्हणजे अंगणातला चाफा आणि शेजाऱ्यांची अ‍ॅक्टिवा या दोघांशी बोलणी आली. सर म्हणाले, तोवर लोखंडी पत्रा टाकू. मैत्रीण म्हणाली, जुलैत त्याच्यावरून तुम्ही स्वतः उतरून दाखवा.

माझ्या गोष्टी स्वस्तातल्या निघाल्या. बेलच्या वायरीला प्रत्येक खोलीत एकेक बल्ब जोडायचा, बटण दाबलं की बेलबरोबर बल्बही पेटतो. आमच्या घरी इलेक्ट्रिशियनने चहा निवायच्या आत केलं होतं. जेवणाचं टेबल खिडकीपासून हलवायचं, आणि ते गोल हवं, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतात. इन्व्हर्टर हवाच. दिवे गेले की तुमच्या गप्पा रंगतात, माझ्या बंद पडतात. मात्र भरपूर उजेड सगळ्यांना चालतो असंही नाही. दृष्टी अधू असलेल्या काहींना तो टोचतो. मग एकाच टेबलावर तशी एखादी आणि मी कसं बसायचं? याचं उत्तर कुठल्या नियमावलीत मिळणार नाही, टेबललॅम्प इकडे तिकडे सरकवून बघावं लागतं. म्हणून म्हणते, पहिल्या वर्षी दोनच कलाकार घ्या.

रॅम्प आणि दार पैशांनी होतं. वेळेचं अवघड आहे. बहुतेक ठिकाणी एक महिना ठरलेला, शेवटच्या आठवड्यात प्रदर्शन. माझ्या मैत्रिणीला दुपारी पालथं पडून राहावं लागतं, नाहीतर जखमा होतात. सकाळचं सगळं आवरायलाच दोन तास जातात. तिचा महिना आणि शेजारच्या खोलीतल्या धडधाकट मुलाचा महिना कॅलेंडरवर तेवढा सारखा.

इथे मला नेहमी जुडिथ स्कॉट आठवते. जन्म १९४३, डाउन सिंड्रोम, शिवाय बहिरी, आणि ती बहिरी आहे हे बरीच वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सातव्या वर्षी संस्थेत टाकली ती पस्तीसेक वर्षं तिथेच. मग जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढून कॅलिफोर्नियाला आणलं आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या स्टुडिओत घातलं. १९७४ पासून चाललेली अपंग कलाकारांची जागा आहे ती. जवळजवळ दोन वर्षं तिथे तिचं मन कशातच रमेना. चित्र काढायला बसवलं तर नुसत्या रेघोट्या. कोणी तिला घरी पाठवलं नाही. मग सूत-लोकरीचं काम बघितलं आणि तिने वस्तू गुंडाळायला सुरुवात केली. काठ्या, नळ्या, हाताला लागेल ते, दोऱ्यांनी, चिंध्यांनी, आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत. २००५ मध्ये जाईपर्यंत ती हेच करत राहिली, दोनशेच्या आसपास शिल्पं. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन केलं. आपल्या एक महिन्याच्या रेसिडेन्सीत तिच्या फाइलवर 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडला असता.

सरांना मी तीन महिने सुचवलेत, तेही तुकड्यांत. महिनाभर राहा, घरी जा, पुन्हा या. प्रदर्शनाची सक्ती नाही. यावर सर अडले आहेत. त्यांचं म्हणणं, देणगीदाराला शेवटी काहीतरी दाखवावं लागतं. मी म्हटलं, दार दाखवा.

मदतीला लागणाऱ्या सोबत्याचा खर्च हाही वादाचा विषय. 'निवास फक्त एका व्यक्तीसाठी' या एका ओळीवर कितीतरी अर्ज घरातच मरतात. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर गेली, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी टाइल्सचं आख्खं भित्तिचित्र केलं. आकार त्यांचे, मदतीला हात इतरांचे. तिथे कोणी म्हटलं नाही की एकच माणूस आत सोडू. ब्रिटनमध्ये लंडन ऑलिम्पिकच्या, म्हणजे २०१२ च्या, निमित्ताने सुरू झालेला अनलिमिटेड नावाचा उपक्रम आहे. तिथे दुभाषी, सोबती, गाडी यांचा खर्च कलाकृतीच्या रकमेतून कापत नाहीत, वेगळा धरतात. सरांनीही तसंच दोन वेगळ्या रकान्यांत मांडावं. नाहीतर होतं काय, दुभाषीचे पैसे दिले की माझ्या शाईला उरत नाहीत.

सरकारी मदतीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं २९ वं कलम वाचा. अपंग कलाकार आणि लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. अर्जासोबत जोडायला उपयोगी पडतं. त्याच कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि बऱ्याच सवलतींना चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. सरांना तो प्रत्येकाकडून हवा होता, खोटे लोक घुसतील म्हणून. बेलापूरला येऊन महिनाभर डाळभात खाण्यासाठी कोण व्हीलचेअरवर बसण्याचं सोंग करणार? ज्याची हाडं एक दिवस चालू देतात आणि दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दाखल्यावर कोणता आकडा लिहायचा हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. दाखला मागू नका, काय लागतं ते विचारा. मी माझ्या कागदावर लिहिते: माझ्या खांद्याला हात लावून बोलवलं तरी चालेल, लांबून ओरडू नका, तोंडासमोर हात धरू नका, रात्री नऊनंतर माझे डोळे थकतात, तेव्हा गप्पा लिहून.

अर्ज मराठीत, व्हॉइस नोटवर किंवा खुणांच्या भाषेतल्या व्हिडिओत, कसेही चालतील, एवढं सरांनी मान्य केलंय. प्रदर्शनाचं आणि सोबत्याच्या भाड्याचं अजून भांडण चालू आहे. सुतार सोमवारी येतोय, संडासाचं दार आधी.