कोल्हापुरात घड्याळ बघून जेवायचं

जानेवारीच्या अखेरीला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. हे एकदा डोळ्यांनी बघायचं, ही आईची फार वर्षांची इच्छा. म्हणून मी, नवरा आणि आई असे तिघं महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालो आणि सकाळी शाहू टर्मिनसवर उतरलो. दर्शनाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते तीन दिवसांत काय खाल्लं, कुठं आणि मुख्य म्हणजे किती वाजता, त्याबद्दल. कारण पहिल्याच दिवशी आमची वेळ चुकली.

झालं असं की अंघोळी उरकून आधी देवळात गेलो. रांगेतून बाहेर यायला दीड वाजला. मग रिक्षावाल्या दादांना म्हटलं, उद्यमनगरात फडतरेंकडे सोडा. त्यांनी रिक्षा सुरूच केली नाही. म्हणाले, "आता मिसळ? आता कुठली ताई! ती सकाळची. उद्या उठून आठला जावा." त्यांचं खरं होतं. कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. चांगल्या ठिकाणी कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा रस्सा, सकाळी एकदाच होतो आणि तो संपला की दुकानाचं काम संपतं.

दुसऱ्या दिवशी आठला गेलो. वीसेक मिनिटं उभं राहावं लागलं, पण उभं राहण्यातही मजा होती, कारण समोरच ताटल्या भरल्या जात होत्या. आधी मटकीची उसळ, वर फरसाण, मूठभर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि मग मोठ्या पातेल्यातला पळीभर कट. पळी आधी तळापर्यंत घालायची, एकदा ढवळायचं आणि मग वरची तर्री घेत घेत बाहेर काढायची. ते मनगटाचं वळण दर वेळी तंतोतंत सारखं. बरोबर स्लाइस ब्रेड येतो. पुण्या-मुंबईची सवय असलेल्यांनी पाव मागू नये, या कटाला स्लाइसच लागतो. तो रस्सा पटकन पितो आणि तरी हातात तुटत नाही. कट वाढून मिळतो, मागायला संकोच करू नका.

चवीबद्दल एक सांगायलाच हवं. कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी, हा समज बाहेरच्यांनी करून घेतलेला आहे. इथल्या घरांत तिखटाला 'चटणी' म्हणतात. ती नुसती मिरचीपूड नसते. भाजलेलं खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण, गरम मसाला हे सगळं मिरचीबरोबर डंकावर कुटलेलं असतं. म्हणून तिखट लागतं ते आधी खमंग लागतं, जिभेला चरचरत नाही. येताना हायवेवरच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मिळते, तिचा या गावाशी काही संबंध नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अनेकांची कोल्हापूरशी ओळख त्या भाजीवरच थांबते.

मिसळीसाठी फडतरेच हवेत असं नाही. देवळाजवळ राहत असाल तर चोरगे, कसबा बावड्याकडे गेलात तर बावडा मिसळ. प्रत्येकाचा कट वेगळा आणि प्रत्येक कोल्हापूरकराचं मत पक्कं. कुणाशी वाद घालू नका, सांगतील तिथं जा.

मटणाची वेळ दुपारची. आम्ही लक्ष्मीपुरीतल्या पद्मा गेस्ट हाउसला साडेबाराच्या आत पोचलो. एकच्या पुढं गर्दी वाढते, शनिवार-रविवारी तर बोलायलाच नको. ताटात सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कांदा-लिंबू, भाकरी किंवा चपाती आणि शेवटी भात.

पांढऱ्या रश्शावर जरा थांबते, कारण माझ्या मते कोल्हापूरची खरी कमाई हीच आहे. मटण शिजवल्यावर जे पाणी उरतं त्याला अळणी म्हणतात. पांढऱ्याचा जीव त्या अळणीत असतो. त्यात नारळाचं दूध, वाटलेली खसखस, तीळ, काजू आणि खड्या मसाल्याची फोडणी. हळद नाही, लाल तिखट नाही. लपवायला रंगच नसल्यामुळं मटण ताजं नसेल तर पहिल्या घोटात कळतं. चांगला पांढरा पातळ असतो, वाटीतून सरळ पिता येतो, आणि गिळल्यानंतर घशाशी मिरी-लवंगेची ऊब राहते. घट्ट, पिठूळ पांढरा समोर आला तर समजा की अळणी कमी पडली आहे.

खायचा क्रम शेजारच्या टेबलावरच्या काकांनी आम्हाला शिकवला. पांढरा आधी वाटीभर प्यायचा. मग भाकरी तांबड्यात कुस्करायची, सुक्कं तोंडी लावायचं. भातावर परत पांढरा. "रस्सा घ्या की आणखी, वाटी मोकळी ठेवू नका," असं वाढपी येऊन सांगत होता आणि आम्ही घेत होतो. रात्री याच जेवणासाठी ओपल किंवा देहातीला जाता येतं, तिथं सहकुटुंब निवांत बसायला बरं. पण दुपारी ताज्या पातेल्यातलं खाल्लेलं जेवण वेगळंच, असं मला तरी वाटलं.

आई मटण खात नाही. तिच्यासाठी काय, हा प्रश्न अनेकांना पडत असेल म्हणून लिहिते. आख्खा मसूर मागा. या भागातल्या ढाब्यांवर तो उत्तम मिळतो, लसणाची सढळ फोडणी आणि गरम रोटी. दुसरं म्हणजे पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर. गडावर ठिकठिकाणी बायका चुलीवर भाकऱ्या थापत असतात. झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, वांग्याचं भरीत, कांदा आणि घट्ट दही. आम्ही तबक उद्यानाच्या बाजूला सतरंजीवर बसून जेवलो. खर्डा मात्र तिखट आहे, खरोखरचा. तो दह्याबरोबरच खा आणि लहान मुलांना देऊ नका.

पन्हाळ्याच्या रस्त्यालाच गुऱ्हाळ लागतं. हिवाळ्यात आलात तर इथं गाडी थांबवाच, अर्धा तास काढा. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, खाली चुलवाणात चोथ्याचाच जाळ. रस स्वच्छ व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात, मळी वर येते आणि झाऱ्यानं काढून घेतात. गुळव्या मधूनमधून थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी बघतो. आमच्या समोर त्यानं तिसऱ्यांदा ती गोळी दाबली, मान हलवली, आणि क्षणात चौघांनी मिळून काहील उतरवली. एवढा सगळा रस आणि निर्णय दोन बोटांवर. गरम गूळ पळसाच्या पानावर दिला, वर शेंगदाणे. आईनं डोळे मिटून खाल्ला. काकवी विकत मिळते, बाटली घरून न्या. गूळ घेताना फार पिवळाधमक शोधू नका, थोडा काळपट तांबूस बरा.

संध्याकाळ खासबागेची. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान १९१२ पासून इथं आहे, आणि शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. ते बघून पोटात तुटलं. त्याच परिसरात राजाभाऊंची भेळ. चिंच-गुळाचं पाणी दाट, कांदा भरपूर, सोबत तळलेली मिरची. ही उभ्यानं, हातात कागद धरून खायची, नाहीतर रंकाळ्यावर जाऊन तिथल्या गाड्यांवर. आम्ही भेळेनंतर सोळंकींचं कॉकटेल आइस्क्रीम घेतलं आणि तेच रात्रीचं जेवण झालं.

नऊच्या सुमाराला गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. हे मी ऐकून होते, पण बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. भर रस्त्याकडेला म्हशी उभ्या, मालक गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतो. चरवीत धारेचा आवाज आधी टणटणीत येतो, मग फेस चढत जातो तसा तो मऊ होतो. ग्लासात वरती दोन बोटं फेस. दूध अंगच्या उबेचं, साखर न घालताही गोड. तालमीतली मुलं येत होती, एकामागून एक ग्लास रिकामे करून जात होती. एक सांगून ठेवते, हे दूध न तापवलेलं असतं. लहान मुलं, गरोदर बायका, नाजूक पोटाची माणसं यांनी बघण्यावरच समाधान मानावं. आईनं तेच केलं.

तिसऱ्या दिवशी नृसिंहवाडीला गेलो, तासा-सव्वातासाचा रस्ता. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं ठिकाण. देवळाच्या वाटेवरच पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी आंबटगोड, अगदी वेगळी, आणि प्रवासात टिकते. बासुंदी तिथंच थंड घ्या, बांधून आणू नका, आमची वाटेत नासली. जेवण प्रसादाच्या वेळेत जमवा.

दुपारी परत येऊन किरणोत्सवाला देवळात उभे राहिलो. त्या दिवशी क्षितिजावर धूळ होती आणि किरणं कमरेच्या जरा वर जाऊन विरली. आई म्हणाली, नोव्हेंबरात पुन्हा येऊ. तेव्हाही असतो.

परतीच्या सामानाबद्दल शेवटचं. कांदा-लसूण चटणी घरगुती करणाऱ्यांकडून, समोर वास घेऊन घ्या आणि दोन पिशव्यांत बांधून मागा, नाहीतर कपड्यांना तेल लागतं. गुळाचा एक किलोचा रवा, म्हणजे ढेप, पुरे. भडंग सगळ्यांत वर ठेवा. आमचं अर्धं गाडी मिरजेला पोचायच्या आतच संपलं.