सगळा पानांचाच खेळ ना?

पोकेमॉनचे, म्हणजे त्या लढणाऱ्या काल्पनिक प्राण्यांचे, पत्ते खेळते असं सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं, आणि ते ओसरलं की ठरलेला प्रश्न येतो. याची जागतिक स्पर्धा कसली घ्यायची? पत्तेच ते. पानं लागली तर जिंकलात, नाही लागली तर हरलात. मावशी विचारते, कॉलेजातले सहकारी विचारतात, आणि सोसायटीतले रमीवाले काका तर दर गणपतीत मांडवामागच्या डावावरून मान वर करून विचारतात. मी बारावीला संख्याशास्त्र शिकवते. ‘नशीब’ हा शब्द कुणी माझ्यासमोर असा मोकळा सोडला की मला गप्प बसवत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

स्पर्धेची ओळख थोडक्यात. पोकेमॉन वर्ल्ड चॅम्पियनशिप्स २००४ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला सुरू झाली, तेव्हा फक्त पत्ते होते. २००९ पासून व्हिडिओ गेम आला, आणि २०२२ च्या लंडनच्या स्पर्धेपासून मोबाइलवरचा पोकेमॉन गोही. कोविडमुळे दोन वर्षं गेली, नाहीतर दरवर्षी भरते: २०२३ ला योकोहामा, २०२४ ला होनोलुलू, २०२५ ला अनाहाइम. नुसते पैसे भरून इथे नाव घालता येत नाही, वर्षभर ठिकठिकाणच्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात. लहान मुलांचे दोन गट वेगळे, आणि मोठ्यांचा मास्टर्स. होनोलुलूला पत्त्यांत मास्टर्स जिंकलेल्या चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेसला पन्नास हजार डॉलर मिळाले. हा आकडा ऐकल्यावर हसणारे जरा सावरून बसतात, असा अनुभव आहे.

आता पानं. रमीत कॅट सगळ्यांचा एकच असतो. इथे प्रत्येक जण आपली साठ पानं, म्हणजे आपली डेक, घरून जुळवून आणतो. साधी एनर्जीची, म्हणजे पोकेमॉनला हल्ल्यासाठी बळ देणारी, पानं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार. पिसून झाल्यावर सात पानं हातात येतात. मग सहा पानं उपडी बाजूला ठेवायची, ती बक्षिसं. समोरच्याचा पोकेमॉन पाडलात की त्यातलं एक उचलायचं, तगडा पोकेमॉन पाडलात तर दोन, आणि सहाही आधी उचलील तो जिंकला.

म्हणजे तुमचीच सहा पानं सुरुवातीला तुमच्याच हाती लागू शकत नाहीत, आणि ती कोणती हेही तुम्हाला माहीत नसतं. एखादं पान तुम्ही एकच ठेवलं असेल तर ते दहातल्या एका डावात त्या सहांत जाऊन बसणार. चार प्रती असलेलं पान पहिल्या सात पानांत निदान एकदा दिसण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास. वर्गात हे फळ्यावर करून दाखवलं तर पोरं म्हणतात, मॅडम, हे तर फारच कमी आहे. कमी आहेच. म्हणून तर चांगल्या डेकमधली कितीतरी पानं लढायची नसतात, दुसरी पानं शोधून आणायची असतात. अल्ट्रा बॉल हे पान घ्या. हातातली दोन पानं टाकून द्या आणि डेकमधून हवा तो पोकेमॉन उचला. दोन पानांची किंमत मोजून नशिबाचा एक तुकडा विकत घेतल्यासारखं आहे हे. किती तुकडे घ्यायचे आणि कुठे हात आखडायचा, याचा हिशोब घरी टेबलावर झालेला असतो.

एखाद्या चांगल्या खेळाडूचा पहिला शोध जवळून बघा. डेक हातात पंख्यासारखी उघडली की नवखा माणूस हवं ते पान शोधतो, सापडलं की काढतो आणि पुन्हा पिसायला लागतो. मुरलेला खेळाडू नसलेलं पान शोधत असतो. डोळे पानांवरून झरझर जातात, ओठ किंचित हलतात: याच्या चार हव्या होत्या, तीनच दिसल्या, हातात एकही नाही, म्हणजे एक बक्षिसांत. अर्ध्या मिनिटात त्याला ती सहाही उपडी पानं माहीत झालेली असतात, आणि पुढचा सगळा बेत तिथल्या तिथे बदलतो. समोर बसलेल्याला कळतसुद्धा नाही की काही घडलं. मला या खेळाचं वेड लागलं ते हे बघून. अजून मला त्याला अर्ध्या मिनिटाच्या दुप्पट वेळ लागतो ही गोष्ट निराळी.

व्हिडिओ गेममध्ये पानं नसतात, पण फासा असतोच. एकाच हल्ल्याने दर वेळी सारखीच इजा होत नाही. ८५ ते १०० टक्क्यांच्या मधल्या सोळा आकड्यांतला एक पडतो. शिवाय रॉक स्लाइडसारखा हल्ला दहातून एकदा चुकतो, आणि लागला तर तीस टक्के वेळा समोरचा बिचकून आपली पाळीच घालवतो. यावर खेळाडू काय करतात? प्रत्येक पोकेमॉनला तालमीचे ठरावीक गुण वाटून द्यायचे असतात, एका गुणधर्माला एका मर्यादेपर्यंतच. मग अमुक पोकेमॉनचा तमुक हल्ला सोळापैकी सर्वांत वाईट आकड्याने बसला तरी आपला टिकला पाहिजे, असं धरून बरोबर तेवढेच गुण बचावात टाकतात. राहिलेले दुसरीकडे.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २०१४ चं, वॉशिंग्टनमधलं. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने संघात पाचिरिसू आणला. पाचिरिसू म्हणजे विजेची एक गोजिरवाणी खार. बलदंडांच्या गर्दीत तिला कुणी विचारत नव्हतं, कारण तिच्या हल्ल्यात दम नाही. पार्कला तिच्याकडून हल्ला नकोच होता. त्याचा हुकमी एक्का गाराडोस, आणि त्याला विजेचं भारी वावडं. पाचिरिसूला ‘फॉलो मी’ येतं, म्हणजे समोरच्यांचे हल्ले ती स्वतःवर ओढून घेते. आणि वीज अंगावर आली तर तिला इजा होण्याऐवजी तिची ताकद भरून येते. भरपूर बचाव देऊन वाढवलेली ती खार अंतिम सामन्यात एकेक मोठा हल्ला अंगावर घेऊन उभीच राहिली आणि प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. त्या चित्रफिती अजूनही बघतात लोक. नशीब वाटावं असं ते दृश्य. प्रत्यक्षात तो आकडेमोडीचा निकाल होता.

एवढं झाल्यावर काका म्हणतात, मग नशीब नाहीच म्हणा की! आणि इथे मला त्यांच्याही विरुद्ध बोलावं लागतं.

हिशोब करा. तुम्ही समोरच्यापेक्षा बऱ्यापैकी सरस आहात, दर डावाला तुमची जिंकण्याची शक्यता साठ टक्के. मोठ्या स्पर्धांत तीनपैकी दोन डाव जिंकणाऱ्याला सामना देतात, कशासाठी, तर एका वाईट हातावर घरी जावं लागू नये म्हणून. चांगली सोय आहे, पण साठाचे होतात जेमतेम पासष्ट. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या नसतात, जिंकणारे जिंकणाऱ्यांशी भिडत जातात आणि एखादी हार पोटात घालता येते. तिथे कसब वर येतंच. पण शेवटचे आठ उरले की हरला तो संपला. सलग तीन सामने, प्रत्येकी पासष्ट टक्के, म्हणजे अजिंक्यपदाची शक्यता सुमारे २७ टक्के. आठांतले उरलेले सगळे तुमच्यापेक्षा कच्चे असूनसुद्धा!

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेच्या रे रिझोने व्हिडिओ गेममध्ये २०१०, २०११, २०१२ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली, आणि जेसन क्लाझिन्स्कीने पत्त्यांत २००६, २००८ आणि २०१३ ला. निव्वळ नशिबाने हे होत नाही. मात्र त्यानंतर २०२५ पर्यंत या दोन्ही खेळांत मास्टर्स गटात दुसऱ्यांदा कुणीही जिंकलेलं नाही. खेळणारे वाढले, अभ्यास वाढला, वरच्या शंभरांत डावं-उजवं फारसं उरलं नाही, आणि सारखेच तयार असलेले दोघे समोरासमोर आले की मग पानच निवाडा करतं. त्या शेवटच्या टेबलापर्यंत कोण पोचणार हे मात्र पान ठरवत नाही. माझं उत्तर एवढंच आहे, आणि ते कुणालाच पुरेसं चमचमीत वाटत नाही.

पत्ते म्हणजे जुगारच, असंही काही जण म्हणतात. तो मुद्दा मी लवकर संपवते. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं आहे, आणि त्याचं एक कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात हेच होतं. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणणारा आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता देणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. पोकेमॉनच्या स्पर्धांत आपसांत पैसे लावणं तर नियमाबाहेरच, आणि बरोबरी टाळायला दोघांनी मिळून फासा टाकून विजेता ठरवला तर दोघांनाही शिक्षा होते.

त्याच ऑगस्टमध्ये, तो कायदा मंजूर व्हायच्या आदल्याच आठवड्यात, अनाहाइमला पोकेमॉन गोचं विश्वविजेतेपद भारताच्या वेद बंबने जिंकलं. गोमध्ये इजेचे आकडे फाशावर बदलत नाहीत. सहा पोकेमॉन आणायचे, त्यांतले तीन निवडायचे, आणि समोरचा कोणते तीन काढील हे ओळखायचं. आमच्या स्टाफरूममध्ये ही बातमी मीच वाचून दाखवली.

पत्त्यांत आपल्याकडचं कुणी तिथवर कधी जाईल, हेही हल्ली विचारतात. गणितात आपली पोरं कमी पडणार नाहीत. अडतं ते भिडूंवर. रविवारी ठाण्यात आम्ही जमतो तेव्हा तेच ते चेहरे, त्यांच्या त्याच डेक, आणि कोण काय टाकणार हे पिसायच्या आधीच माहीत. अनोळखी माणसासमोर बसून अनोळखी साठ पानं वाचायची सवय अशी लागत नाही. दर आठवड्याला निदान चार नवे लोक हवेत.