पालिओच्या बोनेटखाली टी-जेट

जुनी फियाट पालिओ 1.2 आणि तिच्यात बसवायला फियाटच्याच लिनियाचं 1.4 टी-जेट, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन, असं काम घेऊन एक पोरगा आला तेव्हा मी आधी आरटीओचंच विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, परवानगी न घेता इंजिन बदललं की आरसीवरचा नंबर जुळत नाही आणि विमा कंपनी हात वर करते. "काका, फक्त ऑटोक्रॉसला पळवणार, मैदानातल्या शर्यतीला, रस्त्यावर नाही," म्हणाला. मग घेतलं काम.

जोडी तशी नात्यातली. दोन्ही इंजिनं फियाटच्या 'फायर' नावाच्या कुळातली, त्यामुळे 1242 सीसीच्या जागी 1368 सीसी बसवायला फार तोडफोड लागली नाही. गिअरबॉक्स इंजिनाबरोबरचाच ठेवला, माउंटिंगचे ब्रॅकेट बनवून घेतले. डोकं खाल्लं ते जागेनं. टी-जेटचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) रेडिएटरच्या बाजूला येतो आणि पालिओत तिथे पंख्याला जागाच उरत नाही. शेवटी पातळ पंखा रेडिएटरच्या पुढून लावला.

स्टार्ट करायच्या दिवशी सकाळी टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये सिरिंजने तेल सोडलं, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढले आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारला. टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही तेलाच्या पातळ थरावर. पहिल्याच स्टार्टला कोरडी फिरली तर टर्बो गेलाच म्हणून समजा.

कनेक्टर लावले, सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण उचलत नाही. स्पार्क नाही, इंजेक्टर गप्प. स्कॅनर जोडला तर इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा कोड! फियाटमध्ये किल्लीची चिप, बॉडी कॉम्प्युटर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एकमेकांना ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. पोरानं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणि ईसीयू आणला होता. बाकीचे दोन तिथेच राहिले होते. (पालिओ एकेकाळी कुर्ल्यातच बनायची, हे त्याला तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता.)

"बॉडी कॉम्प्युटर म्हणजे तो फ्यूजवाला डबा ना?" भंगारवाल्यानं फोनवर विचारलं. डबा होता, किल्लीही त्याच पोत्यात होती. पोरगा तसाच बाइकवर मुंबईला सुटला, अंधार पडल्यावर परत आला.

डबा जोडला, किल्ली फिरवली, कोडचा दिवा विझला आणि गाडी पहिल्या सेल्फला उचलली. पोरगा ओरडलाच. लगेच म्हणतो, "काका, चौकापर्यंत एक राउंड?"

किल्ली काढून मी खिशात टाकली. 114 पीएस आणि 207 न्यूटन मीटर टॉर्क, तेही लिनियापेक्षा हलक्या गाडीत, आणि पुढचे ब्रेक अजून 1.2चेच! शिवाय रस्त्यावर नेणार नाही हे त्याचंच बोलणं. मोठ्या डिस्क घ्यायच्या तर रिम बदलायला लागतील, रिम बदलली की टायर आले. हा हिशोब कागदावर मांडून दिल्यावर तो थोडा वेळ आकड्यांकडे बघत बसला आणि मग वडिलांना फोन लावायला बाहेर गेला.