वडिलांचं डोकं खाणारी मुलगी

2024 साली राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका 14 फेब्रुवारीला आला. सकाळपासून कॅम्पसवर गंमत चालली होती. चॅपलबाहेर कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायला पोरापोरींची रांग, आणि रांगेतल्या कितीतरी जणांच्या हातात गुलाब नाहीतर चॉकलेटचा डबा. उपवासाचा दिवस म्हणून मेसमध्ये मांस नव्हतं, तर स्वयंपाकघरातल्या कुणीतरी बदामाच्या आकाराचे चीज पिझ्झे करून ठेवले होते. आमच्या ॲडमिशन कमिटीच्या खोलीतही सात जणांपैकी चौघांच्या कपाळावर राख होती. मला दरवर्षी हे बघून आजोळचा अंगारा आठवतो. फरक एवढाच, की अंगारा लावताना आजी ‘औक्षवंत हो’ म्हणायची आणि इथे राख लावताना ‘तू माती आहेस, मातीलाच मिळणार’ असं सांगतात.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टात एका जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसात काम करते. अमेरिकेत जेझुइटांची अशी 27 कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं जॉर्जटाउन, 1789 चं. ‘तू हिंदू, तिथे काय करतेस?’ हा प्रश्न मला ठाण्यात आणि इथल्या महाराष्ट्र मंडळात सारखाच येतो. मी म्हणते, मुंबईचं झेवियर्सही जेझुइटांचंच, 1869 पासूनचं. तिथे आपली माणसं शिकली तेव्हा कुणी विचारलं का? आमच्याकडे विद्यार्थी कुठल्याही धर्माचा चालतो. फक्त इंजिनिअरिंगला आलेल्या पोरालाही थिऑलॉजी आणि फिलॉसॉफीचे तास चुकत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला पोरं कुरकुरतात, आणि तिसऱ्या वर्षी हीच पोरं रात्री दोनला हॉस्टेलच्या जिन्यात बसून पापपुण्यावर वाद घालताना दिसतात.

माझ्याकडे परदेशी अर्ज असतात, त्यातही भारताचे जास्त. प्रत्येक फाइल दोघं जण वाचतात आणि मग ती कमिटीसमोर येते. पडद्यावर सारांश, पाच-सहा मिनिटं चर्चा आणि मत: घ्यायचं, नाही घ्यायचं, की वेटलिस्ट. आमच्या प्रत्येक माहितीपत्रकावर ‘कुरा पर्सोनालिस’ असं लॅटिन छापलेलं असतं. एकेका माणसाची, अख्ख्या माणसाची काळजी, असा त्याचा अर्थ. एकेका माणसाला पाच-सहा मिनिटं.

त्या वर्षी खोलीत आधीच वातावरण तापलेलं होतं. आदल्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने वंशाच्या आधारे प्रवेश देणं बंद केलं होतं, त्यामुळे अर्जातला तो रकाना आम्हाला दिसेनासा झाला होता. शिवाय सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, फाफ्सा, नव्याने केलेला. दरवर्षी 1 ऑक्टोबरला उघडणारा हा फॉर्म डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, आणि त्यातली माहिती मार्चआधी कॉलेजांपर्यंत येणार नव्हती. आर्थिक मदतीचं काम बघणारी माझी सहकारी दिवसभर कॉफी ढवळत बसली होती. परदेशी मुलांचा फाफ्साशी संबंध नसतो, त्यांचा फॉर्म वेगळा, आणि त्यांच्यासाठी पैशांची पिशवीही वेगळी आणि लहान. अमेरिकन मुलाला घेताना त्याची ऐपत आम्ही बघत नाही. परदेशी मुलाची बघतो. हे आम्ही लपवत नाही, पण मोठ्या अक्षरात छापतही नाही.

जेवणानंतरची तिसरी फाइल वसईच्या एका मुलीची होती. (ओळख पटेल असं बरंच काही मी इथे बदललं आहे.)

पहिल्या वाचकाचा सारांश थोडक्यात असा: दहावीला 93 टक्के, अकरावीला 61, म्हणजे मोठी घसरण. शिफारसपत्रं कोमट. इंग्रजी खडबडीत. चर्चमध्ये सहभाग चांगला. वेटलिस्ट.

माझी टिपणं तयार होती. मी म्हटलं, अकरावीचे मार्क विसरा. महाराष्ट्रात अकरावीचं वर्ष कुणी मनावर घेत नाही. सगळे क्लासला जाऊन बारावीची आणि सीईटीची तयारी करतात. हे मी आजवर कमिटीत वीस-पंचवीस वेळा सांगितलं असेल. माना डोलल्या.

मग शिफारसपत्र पडद्यावर आलं. कॉलेजच्या लेटरहेडवर इंग्रजीत तीन वाक्यं: ही आमच्या कॉलेजची सिन्सिअर, ओबीडियंट आणि रेग्युलर विद्यार्थिनी आहे. तिची वर्तणूक चांगली आहे. तिला शुभेच्छा. खाली गोल शिक्का.

‘ओबीडियंट’ शब्दावर इतिहासाच्या प्राध्यापिकेने भुवया उंचावल्या. इथे शिफारसपत्र म्हणजे दोन पानी प्रेमपत्र असतं. मुलगा वर्गात आला की प्रकाश पसरतो, गेल्या तीस वर्षांत असा पाहिला नाही, वगैरे. दरवर्षी तीस वर्षांत एकदा दिसणारी चारशे मुलं मी वाचते. मी सांगितलं, हे शिफारसपत्र नाही, बोनाफाइडचा मजकूर आहे. त्या सरांना आयुष्यात कुणी याहून वेगळं पत्र मागितलेलं नाही. त्यांना कॅरेक्टर सर्टिफिकेट माहीत आहे, त्यांनी ते दिलं.

‘मग त्यातून आम्हाला काय कळलं?’ डायरेक्टरबाईंनी विचारलं. रास्त प्रश्न होता.

मी म्हटलं, शिक्क्याच्या खाली बघा.

शिक्क्याच्या खाली, निळ्या बॉलपेनने, तिरक्या अक्षरात एक ओळ होती: ‘शी आस्क्स डाउट्स इव्हन आफ्टर बेल.’ स्कॅन करताना अर्धी कापली गेली होती, पण वाचता येत होती. आपल्याकडे टाइप होऊन, सही-शिक्का झालेल्या कागदावर कुणी पेन लावत नाही. क्लार्कच ओरडेल. त्या सरांनी लावलं. मी म्हटलं, ही एक ओळ तुमच्या दोन पानांच्या बरोबरीची आहे.

कोपऱ्यातले फादर हसले. सत्तरीच्या पुढचे, थिऑलॉजी शिकवतात, कमिटीत एरवी बोलत नाहीत.

कॉमन ॲपच्या, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक, अर्जात उपक्रमांना दहा जागा असतात, प्रत्येकी 150 अक्षरांची. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, तेही भरायचं. पोरं सगळ्यात झगमगीत गोष्ट पहिली घालतात. हिने पहिल्या आठांत चर्चचा गायकवृंद, विज्ञान प्रदर्शन, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा असं काय काय भरलं होतं आणि नवव्या जागी, लाजल्यासारखं: ‘वडिलांच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडणं. आठवड्याला 12 तास, वर्षाला 28 आठवडे.’

वर्षाला 28! मोगरा काही बारा महिने भरभरून येत नाही. दुसऱ्या कुणी 52 लिहिलं असतं. मी कमिटीला वसईच्या वाड्या सांगितल्या. पानवेली, केळी, फुलं. कळी उमलायच्या आत खुडायची म्हणून अंधारात उठायचं, मग टोपल्या घेऊन बाप पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात. सांगताना मी रंगात आले होते, हे मला आता कळतं.

निबंध एका वक्तृत्व स्पर्धेवर होता. घरी कादोडी बोलणारी, मराठी शाळेत शिकणारी ही मुलगी एकदा मुंबईला स्पर्धेसाठी गेली. घरचे सोडत नव्हते. ‘आय एट माय फादर्स हेड फॉर वन मंथ.’

खोलीत शांतता. मग आर्थिक मदतवालीने ढवळणं थांबवून विचारलं, ‘हे... रूपक आहे ना?’

मी हसून हसून बेजार. वडिलांचं डोकं खाल्लं म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर सगळेच हसले, आणि मग डायरेक्टरबाईंनी निबंध पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतला. आता प्रत्येक वाक्याखालचं मराठी त्यांना नाही तरी मला ऐकू येत होतं. मुंबईच्या स्टेजवर ती बोलायला उभी राहिली आणि तिचे हेल ऐकून पुढच्या रांगेतल्या मुली हसायला लागल्या. ती थांबली नाही. भाषण संपवलं, बक्षीस मिळालं नाही. परतीच्या लोकलमध्ये तिने वडिलांना सांगितलं की दुसरी आले. हे खोटं तिने अजून कबूल केलेलं नाही, निबंधात पहिल्यांदाच सांगते आहे.

फादरांनी मला विचारलं, ‘ही कादोडी म्हणजे मराठीच का? तुला कळते?’

मी म्हटलं, मराठीचीच बोली. मला फारशी कळत नाही.

हे खरं होतं, पण अर्धं. अकरावी-बारावीला दादरच्या आमच्या कॉलेजात वसईहून येणारी एक मुलगी होती. ती बोलली की आम्ही चौघी-पाचजणी एकमेकींकडे बघायचो. तिचं नाव वेगळं होतं, पण आम्ही तिला ‘विरार फास्ट’ म्हणायचो. पुढच्या रांगेत मी बसत होते. हे मी कमिटीत सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच सांगते आहे.

डायरेक्टरबाई म्हणाल्या, ‘एक विचारते, रागावू नकोस. तू आज हिची दुभाषी आहेस की वकील?’

मला राग आला. मी म्हटलं, बॉस्टनच्या कॅथलिक शाळेतल्या पोराचं पत्र तुम्ही वाचता तेव्हा तुम्हाला दुभाषी लागत नाही, कारण ते पत्र तुमच्याच भाषेत लिहिलेलं असतं. तिथे वकिली आपोआप होते. वाक्य चांगलं होतं. सकाळीच सुचून ठेवलं होतं.

मत झालं. पाच विरुद्ध दोन, प्रवेश. पिशवीतून पूर्ण ट्यूशनची शिष्यवृत्तीही मिळाली. अशा त्या वर्षी आमच्याकडे अगदी मोजक्या होत्या. राहणं, जेवण, विमा, विमानभाडं तिचं तिने बघायचं. वर्षाला साधारण 16,000 डॉलर. वसईच्या फुलवाल्याला ते साधारणच.

मार्चच्या शेवटी निकाल गेले. एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेल्या परदेशी मुलांशी आम्ही एकेकट्याने ऑनलाइन बोलतो. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. ती आली, मागे भिंतीवर येशूचं चित्र आणि कॅलेंडर. मी उत्साहाने मराठीत सुरुवात केली: ‘कशी आहेस? वाडीतून आलीस का?’

ती इंग्रजीत म्हणाली, ‘मॅम, इंग्लिशमध्ये बोलूया का? माझं मराठी तुमच्यासारखं नाही.’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग तिने प्रश्न विचारले. कागदावर लिहून आणलेले, नंबर घातलेले. हॉस्टेलमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, असते का? (असते, रविवारी रात्री नऊला, पोरं पायजम्यात येतात.) सुट्टीत मेस बंद झाली तर कुठे जेवायचं? आय-20 साठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा कागद) बँकेत किती पैसे दाखवावे लागतात, आणि ते वडिलांचेच लागतात की काकाचे चालतात? पहिल्या वर्षाचे पूर्ण दाखवावे लागतात, काकाचे चालतात, म्हटलं. तिने लिहून घेतलं.

शेवटी मीच सहज म्हटलं, अकरावीच्या मार्कांचं मी कमिटीत सांगून टाकलं, की तिथे कुणी ते वर्ष मनावर घेत नाही.

तिचा चेहरा पडला. ‘पण मी मनावर घेतलं होतं, मॅम.’ दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजी. पहिले चार महिने फिजिक्सचे सर काय म्हणतात हेच कळत नव्हतं. रोज तास संपला की शब्द विचारायला त्यांच्यामागे स्टाफरूमपर्यंत जायची. क्लास लावलेला नव्हता. 61 टक्के मिळाले तेव्हा घरी पेढे आणले होते.

कॉल संपल्यावर मी तिची फाइल पुन्हा उघडली. दहावीच्या मार्कशीटवर पहिलीच ओळ: मराठी, प्रथम भाषा. थोडं खाली: इंग्रजी, तृतीय भाषा. फेब्रुवारीत ही पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. निळ्या बॉलपेनची ओळ मी कमिटीला वाचून दाखवली, पण घंटेनंतर ती काय विचारायला थांबते, हे मला वाचता आलं नव्हतं. मत तिच्या बाजूने पडलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. विरुद्ध पडलं असतं तरी आलं नसतं.

1 मे ही उत्तराची तारीख. फाफ्साच्या गोंधळामुळे त्या वर्षी बऱ्याच कॉलेजांनी ती पुढे ढकलली, आमचीही 15 मे झाली. तिचं उत्तर मात्र 1 मेलाच आलं. नकार. कारणाच्या यादीतलं ‘इतर’ निवडलेलं, आणि खालच्या चौकटीत चार ओळी. आमची सिस्टिम जुनी, देवनागरी तिला झेपत नाही. प्रत्येक अक्षराचं तिने प्रश्नचिन्ह करून टाकलं होतं. चार ओळी भरून प्रश्नचिन्हं. स्वल्पविराम, पूर्णविराम जागच्या जागी. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर 16,000, आणि अगदी शेवटी एक उद्गारचिन्ह.

आर्थिक मदतवाली माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. ‘तुझ्या भाषेत आहे ना? काय म्हणते?’

मी प्रश्नचिन्हं मोजत होते. पहिल्या शब्दाला चार होती.