लहानपणीच कळलं असतं तर?

माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि हालचाल आवरता न येण्याची अडचण, आहे हे कळलं तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती आणि तो दारू सोडवण्यासाठी पुन्हा एकदा दाखल झाला होता. त्याच्या संमतीनं मी हे शाळेच्या पालकसभांत सांगते. मालवणच्या आसपासचे पालक त्यावर फिरून फिरून एकच विचारतात, "बाई, लहानपणीच कळला असता तर तो पिऊक लागलो नसतो काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नुसतं कळून भागलं नसतं. कळल्यावर घर, शाळा आणि गाव त्याच्याशी कसं वागलं असतं, त्यावर सगळं होतं.

एडीएचडी हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. हवं तिथे लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं, मनात आलेलं करण्याआधी क्षणभर थांबणं, हे अशा माणसाला जड जातं. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो आणि जगभरात साधारण 5 टक्के मुलांत आढळतो. या मुलांना पुढे व्यसन लागण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. व्यसनावर उपचार घ्यायला आलेल्यांत तर जवळपास चौघांत एकाला एडीएचडी सापडतो. तरीही एडीएचडी असलेली बहुतेक माणसं व्यसनी होत नाहीत. म्हणजे मेंदू काही एकटा हे ठरवत नाही.

2019 साली केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटातले 27.3 टक्के पुरुष दारू पिणारे निघाले आणि बायका 1.6 टक्के. सतरा पटींचा फरक! बाईचा आणि पुरुषाचा मेंदू काही सतरा पटींनी वेगळा नसतो. पुरुषानं शिमग्यात प्यायलं तर चालतं, बाईनं प्यायलं तर घराची अब्रू जाते, एवढंच ते आकडे सांगतात. मग धडपड्या, विसराळू, कामं अर्धवट टाकणाऱ्या बायका आमच्याकडे नसतातच का? असतात. त्यांच्या हातात मशेरी असते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड पोरवयातच दातांना लागते. "मशेरी लावल्याशिवाय काम सुचत नाय" असं त्या अगदी सहज म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, कारण निकोटिननं थोडा वेळ लक्ष एकवटतं. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडेही कोणाचं लक्ष जात नाही. मला या मुलींची मुलग्यांपेक्षा जास्त काळजी वाटते.

भावाचं तसं नव्हतं. तो सगळ्यांना दिसायचा. "ह्या पोर काय एका जाग्यार बसना नाय," आई म्हणायची. पण हाच मुलगा डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनात रात्र रात्र पखवाजावर बसायचा. तेच त्याला भोवलं. मनात आणलं तर बसू शकतो, म्हणजे अभ्यासाला मुद्दाम बसत नाही, असा सगळ्यांनी अर्थ काढला. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते आपल्या हुकमात नसतं. जिथे वेग आहे, आवाज आहे, लगेच मिळणारी दाद आहे, तिथे ते चिकटतं. शुद्धलेखनाच्या वहीवर ठरत नाही. वांड, उपद्व्यापी, बिनकामाचा, हे ऐकतच तो मोठा झाला. अशा मुलाला पहिल्यांदा जिथे शाबासकी मिळते, तिथला तो होऊन जातो. त्याला ती बंदरावर मिळाली.

ट्रॉलरवर तो उत्तम खलाशी झाला. वारा फिरला, जाळं अडकलं, हे त्याला इतरांआधी जाणवायचं. शाळेत जी चंचलता होती, तिचंच तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, कौतुक करू लागला. पहिली बाटलीही तिथेच आली. मासळी उतरवल्यावर अंगाचा शीण जावा म्हणून घेतलेली दारू बंदरावर कोणी व्यसनात धरत नाही. त्यात गोव्याची हद्द जवळ, गोवा बनावटीची दारू स्वस्त. तो मला म्हणाला होता, "पहिल्या घोटाक डोक्यातलो गलको थांबलो." त्या गलक्याबद्दल तोवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट जायचे ते पावसाळ्याचे दोन महिने. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ती बंदी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एडीएचडी असलेल्या माणसाला बाहेरून आखून मिळालेला दिवस फार लागतो. समुद्रावर तो दिवस भरती-ओहोटी आखते, तांडेल आखतो. जूनमध्ये ते सगळं एकदम थांबतं, हातात हंगामाचे पैसे असतात, बाहेर धो धो पाऊस असतो आणि सोबतीला तसेच रिकामे मित्र. दर वर्षी आम्ही मे महिना संपताना घाबरायचो.

आईनं ग्रामदैवत रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. नंतर भावानं दारू सोडायची शपथ घेऊन तुळशीची माळ घातली. माळेबद्दल मला मनापासून आदर आहे. संध्याकाळचं ठरलेल्या वेळेचं भजन, हातात पखवाज, आजूबाजूला न पिणारी माणसं. ते महिने त्याचे खरंच चांगले गेले. पण ऊर्मी रोखता न येणं हेच ज्याचं दुखणं, त्याच्याकडून एका शपथेवर जन्मभराची हमी घेतली गेली. तो घसरला. आधी नुसता दारुडा होता, आता माळ मोडणारा पापीही ठरला. भजनाला जायला तोंड राहिलं नाही. ज्या तासांनी त्याला सावरलं होतं, तेच लाजेपायी बंद झाले. पुढची दोन-तीन वर्षं तो सगळ्यात जास्त प्यायला. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं नुकसान बाटलीनं नाही, या लाजेनं केलं.

निदान झालं ते डॉक्टरांच्या चिकाटीमुळे. दारूनंही लक्ष उडतं, म्हणून त्यांनी दारू सुटून काही आठवडे जाऊ दिले. मग आईला बोलावलं आणि जुनी प्रगतीपुस्तकं मागितली, कारण एडीएचडीच्या खुणा वयाच्या 12 वर्षांआधीपासून असाव्या लागतात. "हुशार आहे, पण चंचल" हा शेरा इयत्तेमागून इयत्ता तिथे होताच. तो वाचताना भाऊ रडला.

गोळ्यांना घरचे घाबरले. एक व्यसन सोडवायला दुसरं कशाला, असं काकांनी विचारलं. काळजी रास्त आहे. एडीएचडीवर देतात ते मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही. पण लहानपणी हे उपचार घेतल्यानं पुढे व्यसन वाढतं असं संशोधनात दिसलेलं नाही. काही अभ्यासांत तर ते कमी झालेलं दिसलं. व्यसनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला पुष्कळदा अ‍ॅटोमोक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध देतात. भावाला तेच दिलं.

नव्वदच्या दशकात मानसोपचाराचा विषय निघाला की आमच्याकडे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव शिवीसारखं घेतलं जायचं. तेव्हा निदान झालं असतं, तर बंदरावर त्याला आणखी एक टोपणनाव पडलं असतं, एवढंच. आज तसं राहिलेलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक स्थितीही आजारातच धरल्या आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

भाऊ आजही समुद्रावर जातो. जून-जुलैत सकाळी आठ ते एक जाळी विणायला बसतो, दुसऱ्याच्या पडवीत, कारण घरी एकटा बसला तर काम होत नाही. भजनी मंडळाच्या बुवांनी स्वतः घरी येऊन त्याला परत नेलं. माळेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. पखवाजाला माणूस हवाय, एवढंच म्हणाले.

तुमच्या घरात असं कोणी असेल, मूल असो की पन्नाशीचा माणूस, तर डॉक्टरकडे जाताना जुनी प्रगतीपुस्तकं शोधून न्या, आणि त्याला लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी सोबत घ्या. मुलगी असेल तर जरा जास्त खोदून सांगा, कारण तिच्या प्रगतीपुस्तकावर बहुधा फक्त "शांत आहे" एवढंच लिहिलेलं असेल.