देड्झाची रोजनिशी: शंभर टक्क्यांच्या वरचं लसीकरण

गुरुवार, रात्री

आज दिवसभर सीमेलगतच्या एका आरोग्य केंद्रात होते. मलावीतल्या देड्झाहून दक्षिणेकडे निघालं की मोठा रस्ता मोझांबिकच्या हद्दीला धरूनच जातो. काही ठिकाणी तर रस्त्याच्या अलीकडची दुकानं मलावीत आणि पलीकडची मोझांबिकमध्ये. जूनची थंडी या उंचावर चांगलीच बोचते. लसीकरणाला आलेल्या बाया बाळांना चितेंजेत, म्हणजे इथल्या बायांच्या रंगीत कापडात, घट्ट गुंडाळून व्हरांड्यात बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात हेल्थ पासपोर्ट. हे साधं पातळ पुस्तक असतं. इथे रुग्ण आपली नोंद आपल्याजवळच ठेवतो आणि जाईल त्या दवाखान्यात दाखवतो. ही पद्धत मला फार आवडली आहे.

मागच्या खोलीत आम्ही तिघं: मी, जिल्हा कार्यालयातले स्टॅटिस्टिकल क्लार्क आणि केंद्रातल्या सिस्टर. काम डेटा पडताळणीचं. एका महिन्याचं रजिस्टर घ्यायचं, पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या, तिसऱ्या डोसच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक नोंद मोजायची. मग महिन्याच्या रिपोर्टातला आकडा आणि कार्यालयात डीएचआयएस-२ या आरोग्य नोंदींच्या संगणक प्रणालीत भरलेला आकडा शेजारी मांडायचा. तिन्ही जुळले तर पुढचा महिना घ्यायचा. आज जुळले नाहीत. रिपोर्टात जास्त, रजिस्टरात कमी.

बाहेरून आलेला माणूस इथेच निष्कर्ष काढून मोकळा होतो की आकडे फुगवले आहेत. क्लार्क उठले, कपाटातून टॅली शीटचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गावात झाडाखाली लसीकरण भरतं तेव्हा एचएसए, म्हणजे आपल्या आरोग्य सेवकांसारखे गावपातळीवरचे कर्मचारी, ते अवजड रजिस्टर सायकलवर नेत नाहीत. ते नेतात छापील शून्यांचा एक कागद. बाळाला लस टोचली की एक शून्य खोडायचं. त्या कागदांवरून रिपोर्ट भरला गेला होता, रजिस्टरात नोंदी उतरवायच्या राहिल्या होत्या. लस खरीच दिली होती.

एक कागद मात्र मी बराच वेळ हातात धरून बसले. छापील शीट संपल्यामुळे एका एचएसएने जुन्या रिपोर्टाच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले होते, त्यात पेन्सिलीने पाच-पाच शून्यांचे गट काढले होते आणि मग पेनाने एकेक खोडत गेला होता. एका कोपऱ्यावर पाणी पडून शाई पसरली होती, तर तिथली ओळ त्याने खाली पुन्हा लिहून काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासणारही नव्हतं. नोंदींचा दर्जा खालावला की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या असं सगळे म्हणतात. या माणसाला प्रशिक्षण नको, कागद हवा आहे.

भिंतीवर लसीकरणाचा तक्ता लावलेला आहे. उद्दिष्टाची तिरकी रेघ आणि तिच्या बऱ्याच वरून चढत गेलेली प्रत्यक्षाची रेघ, म्हणजे लसीकरण शंभर टक्क्यांच्या पुढे. कारण सिस्टरना पाठ आहे. उद्दिष्ट येतं २०१८ च्या जनगणनेवरून पुढे काढलेल्या अंदाजातून, त्यात फक्त या केंद्राच्या हद्दीतली बाळं धरलेली. आणि लस घ्यायला येतात पलीकडच्या आयाही, कारण हे केंद्र त्यांना जवळ पडतं. "दारात आलेल्या बाळाला आम्ही परत पाठवत नाही, अमायी," त्या म्हणाल्या. अमायी म्हणजे बाई. पाठवूही नये. २०२२ च्या फेब्रुवारीत लिलाँग्वेत पोलिओचा रुग्ण जाहीर झाला आणि मे महिन्यात मोझांबिकच्या टेटे प्रांतात. टेटे म्हणजे या केंद्राच्या समोरचाच मुलूख. त्याआधी दीडेक वर्षच झालं होतं आफ्रिका खंड रानटी, म्हणजे निसर्गात पसरणाऱ्या मूळ पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर होऊन. पलीकडच्या बाळाला दिलेली लस अलीकडच्या बाळालाही राखते.

घोर वेगळाच आहे. शंभरच्या वर गेलेल्या आकड्याखाली आपलीच राहिलेली मुलं झाकली जातात. डोंगराच्या मागच्या वाडीत कुणी पोहोचलं नसेल, तरी तक्ता छानच दिसणार आणि जिल्ह्याच्या बैठकीत या केंद्राबद्दल कुणी प्रश्नच विचारणार नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला असताना छत्तीसगडमधून पायी येणाऱ्या बायांच्या बाबतीत आम्ही हेच पाहिलं होतं. आणि गडचिरोलीत काम केलेल्या कुणालाही डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली बालमृत्यूंची मोजणी ठाऊक असते. घरोघरी जाऊन मोजल्यावर सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त मृत्यू निघाले होते. न मोजलेलं मूल कुणाच्याच कामाच्या यादीत येत नाही. इथे यायला निघाले तेव्हा आईने विचारलं होतं, "तू ना डॉक्टर ना नर्स, तिकडे जाऊन करणार काय?" तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आज तिला फोनवर त्या पेन्सिलीच्या शून्यांबद्दल सांगितलं, आणि तिला ते लगेच पटलं.

नीट मोजायचं कसं, हे मलावीला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही, असं माझं दिवसेंदिवस पक्कं मत होत चाललं आहे. इथल्या एचआयव्ही कार्यक्रमाकडे पाहावं. दर तिमाहीला पथकं उपचार केंद्रांवर जातात, तिथल्या लोकांबरोबर बसून रजिस्टरं आणि रुग्णांची कार्डं पुन्हा मोजतात, आणि त्याच आकड्यांवरून औषधांची मागणी ठरते. आकडा चुकला तर गोळ्या कमी पडणार हे नर्सला माहीत असतं, म्हणून ती नोंद मनापासून ठेवते. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार द्यायला मलावीने २०११ मध्ये सुरुवात केली, जगात सगळ्यात आधी. लसीकरणाच्या आकड्यांचं मात्र तसं होत नाही. ते वर जातात आणि सिस्टरकडे काहीच परत येत नाही.

म्हणून मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या मासिक फॉर्मवर "किती जणांना प्रशिक्षण दिलं" हा रकाना भरताना मला त्रास होतो. तो आकडा मी खरा भरते, पण माझं काम त्यात दिसत नाही. मी परत गेल्यावर क्लार्क स्वतःहून कपाटातला गठ्ठा काढून ताळा करणार का, हे मोजायला हवं. ते करतील, आज त्यांनीच केला. मी नुसती शेजारी बसून मोजत होते.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची तिमाही आढावा बैठक आहे. मांडणी क्लार्कच करणार आहेत, चिचेवा या इथल्या भाषेत. केंद्रागणिक तक्ते त्यांनी काढून ठेवले आहेत. मी दोनच गोष्टी सुचवल्या: टॅली शीटवर सीमेपलीकडच्या बाळांसाठी वेगळी ओळ असावी, म्हणजे लस सगळ्यांना मिळेल आणि आपल्या वाड्यांचा हिशेबही उघडा राहील, आणि छापील शीटचा तुटवडा हा विषय सगळ्यात आधी घ्यावा, जिल्हा आरोग्य अधिकारी बैठकीतून उठून जायच्या आत. दुसरी गोष्ट त्यांनी वहीत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतली.