काल्पनिक उपग्रह आणि उपकरणांचा रकाना

सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजे अनेक भागांची गुंतागुंतीची यंत्रणा एकसंध कशी आखायची हे शास्त्र, फळ्यावर शिकवलं की पोरं व्ही-मॉडेलची (अपेक्षांपासून चाचणीपर्यंतचे टप्पे दाखवणारी) आकृती पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून यंदा वैकल्पिक विषयात एक काल्पनिक मोहीम घातली: बंद पडलेला, गटांगळ्या खात फिरणारा ८ टनांचा उपग्रह कक्षेतून खाली आणायचा. डोळ्यांसमोर होता युरोपचा एन्व्हिसॅट. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्याचा संपर्क तुटला, आजही तो वरच आहे.

अभ्यास मंडळाने विषय लगेच मंजूर केला. घोडं अडलं गुणवत्ता कक्षात. त्यांच्या फॉर्मवर 'वापरावयाची उपकरणे, नग व अंदाजे किंमत' असा रकाना आहे. मी 'लागू नाही' लिहिलं. फाइल परत. 'मोहीम काल्पनिक असल्याने उपकरणे नाहीत' लिहिलं. पुन्हा परत, वर शेरा: 'काल्पनिक म्हणजे काय, खुलासा करावा.' खुलासा दिला, तर सीओ-पीओ मॅपिंग (विषयातून काय साधणार आणि ते अख्ख्या पदवीच्या उद्दिष्टांशी कसं जुळतं, याचा तक्ता) 'योग्य प्रकारे' करून आणा म्हणाले. योग्य म्हणजे कसं, हे सांगणारे गृहस्थ रजेवर! इकडे मी वर्गात घसा कोरडा करून सांगतोय की जी अपेक्षा तपासता येत नाही ती कागदावर लिहूच नका. सेमिस्टर सुरू झालं तरी सही नाही. शेवटी कक्षातल्याच एका मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, संगणक लिहा ना. लॅबमध्ये आहेतच की." लिहिलं, आणि त्याच दुपारी सही झाली! तेव्हा रकाना रिकामा सोडू नका, 'लागू नाही' तर मुळीच लिहू नका.

वर्गात पहिल्याच तासाला सगळे ओरडले, "जाळं टाकू!" जाळ्याची चाचणी २०१८ मध्ये रिमूव्हडेब्रिस मोहिमेत झालीय, त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती. पण अपेक्षांच्या यादीत साधनाचं नाव आलं की मी खोडायचो; अपेक्षेत काय साधायचं ते लिहायचं, कशाने ते नाही. मग एका गटाने लिहिलं, 'पकडताना कचरा होऊ नये.' कचरा म्हणजे किती? भांडाभांडी होऊन ठरलं: १० सेंटीमीटरहून मोठा एकही नवा तुकडा नको, कारण त्या कक्षेत साधारण तेवढ्या आकारापासूनच जमिनीवरून माग ठेवता येतो. २००९ मध्ये इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ यांची टक्कर होऊन असे हजारो तुकडे पसरले होते; हे आधी सांगा, म्हणजे 'एकही नको' हा हट्ट का, ते पोरांना पटतं.

मध्येच एकदा मी उपग्रहाचा फिरण्याचा वेग दुप्पट जाहीर केला. पकड-गटाने पकडणारा यांत्रिक हात वाढवला, इंधन-गटाला कळवलंच नाही, वजनाचा हिशेब कोसळला. इंटरफेसचा कागद (एका गटाचं काम दुसऱ्याच्या कामाशी कुठे जुळतं, ते लिहिलेला) कशाला लागतो हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. हा धक्का मात्र गुण ठरण्याआधी द्या, नाहीतर पोरं तक्रार घेऊन येतात.

आणि हो, फाइल देताना आवक क्रमांक मागून घ्या. त्याशिवाय ती कुणाच्या टेबलावर आहे हे कोणी सांगत नाही.